पन्हं देणारी मुलगी

उन्हाळ्यात घरी माणसं बोलवायची असली की आमच्या वस्तीतल्या बायका आधी मला विचारतात. नागपूरचा चैत्र-वैशाख, आणि लग्नं, मुंजी, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, सुटीतले पाहुणे हे सगळं नेमकं त्याच दिवसांत. मी सांगते. अंगणात पाणी कधी मारायचं, बर्फ कुठे ठेवायचा, काय सकाळीच करून ठेवायचं आणि काय मुळीच करायचं नाही. माझं सांगणं मुद्द्याचं असतं, म्हणून ते माझंच आहे असं सगळ्यांना वाटतं. गेल्या आठवड्यात शेजारी नव्यानं राहायला आलेल्या सुनेनं विचारलं, मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, असंच, करता करता.

ते खरं नाही. ज्या बाईनं मला हे सगळं शिकवलं तिचं नाव मी बरीच वर्षं तोंडी आणलेलं नाही. कुसुमकाकू.

लग्न होऊन मी खाप्याहून नागपूरला आले ती धरमपेठेतल्या एका भाड्याच्या घरात. दोन बिऱ्हाडं, मध्ये अंगण, अंगणात एक नळ. एका बाजूला आम्ही, समोर काकू आणि काका. काका कुठल्याशा खाणीच्या कचेरीत होते आणि घरी असले की वर्तमानपत्रामागे असत. मूलबाळ नव्हतं. काकू उंच, हाडापेरानं मोठ्या, सुती नऊवारीचा पदर सदा कमरेला खोचलेला. घरात घड्याळ होतं, पण उन्हाळ्यात त्या घड्याळाकडे बघत नसत. पश्चिमेच्या भिंतीला उलटा हात लावून बघत. "भिंत तापून आहे अजून. अर्ध्या घंट्यानं," म्हणत आणि आत जात. अर्ध्या घंट्यानं परत येऊन हात लावत, आणि मग पाण्याची बादली उचलत. आधी नाही.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात यांनी ऑफिसातून येऊन सांगितलं की उद्या संध्याकाळी साहेब बायको-मुलांसह येणार आहेत. मी रात्रीच बेत लिहून काढला. पुऱ्या, बटाट्याची भाजी, भजी, श्रीखंड, शेवटी चहा. मला त्या बेताचा अभिमान वाटला होता. सकाळी काकू नळावर आल्या, मी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "काहून वं लीले, त्या बिचाऱ्यांनी तुझं काय केलं?"

मग त्यांनी माझा बेत एकेक करत रद्द केला. तळण नाही, कारण चुलीपाशी उकडलेली बाई पाहुण्यांत येऊन बसली की पाहुण्यांनाही घाम फुटतो. चहा नाही. आत बसवायचं नाही, खोलीतला पंखा फक्त गरम हवा ढवळतो. आमच्या दोन बाजा आणि त्यांच्या दोन अशा चारही अंगणात काढायला लावल्या, वर धुतलेल्या पांढऱ्या चादरी. अंगणात पाणी दोनदा मारलं. एकदा उन्हं उतरल्यावर, ते जमीन पिऊन टाकते आणि वाफ सोडते. मग वाफ निघून जाऊ द्यायची आणि दुसऱ्यांदा हलक्या हातानं. पाहुणा दारात आल्यावर पाणी मारणाऱ्या बायकांचा त्यांना राग होता. त्याला वाफेवर ठेवता काय, म्हणत. खायला काय, तर कच्चा चिवडा, कांदा आणि सांबार घातलेला, टरबुजाच्या गार फोडी आणि पन्हं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मी बाहेरगावच्या वाचकांसाठी लिहिते, नाहीतर चिवड्यात सांबार ओतलं असं वाटायचं.

साहेब आले, बाजेवर टेकले, थोड्या वेळानं त्यांनी बूट काढले आणि मग मोजेही काढले. त्यांच्या बाईंनी निघताना मला विचारलं, एवढं गार कसं ठेवलंत. काकू त्यांच्या छपरीत, म्हणजे दारापुढच्या पडवीत, उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मला बोल अशी मान हलवली. मी सांगितलं. तेव्हापासून मी सांगतेच आहे.

पुढची काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली असंच म्हणायला हवं. मला स्वतःला नीटनेटकं करायची सवय. काय आणायचं, कुणी आणायचं, कधी, हे मी कागदावर मांडते. काकूंचं सगळं डोक्यात. पण दोघींची जोडी छान जमली. पन्ह्याचा गर आदल्या दिवशी करायचा, दाट, गुळाचा, आणि पाणी माणसं आल्यावरच घालायचं. बर्फ पेल्यात टाकायचा नाही, पन्हं पाणचट होतं. भुशातून आणलेला बर्फ घंगाळात फोडून घालायचा आणि पातेलं त्यात बसवायचं. मोगऱ्याचे गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या गळ्याशी ठेवायचे. वाळ्याची ताटी दारावर बांधायची ती वाऱ्याच्या दारावर, दिसायला बरं म्हणून पुढच्या दारावर नाही. आणि ज्या दोन बायका एकमेकींशी बोलत नाहीत त्यांना समोरासमोर कधी बसवायचं नाही. शेजारी बसवायचं. शेजारणीकडे बघावं लागत नाही.

माणसं किती आली हे त्या दारातल्या चपलांवरून बघत, आणि वाढण्याचा हात त्याप्रमाणे सैल किंवा आवळ करत. कुणाच्या लक्षात यायचं नाही.

खोटंही त्या फार सहज बोलत. एकदा त्यांच्याकडच्या हळदीकुंकवाला सबंध गल्ली बोलावली होती आणि अंगण तेवढंच. त्यांनी प्रत्येकीला वेगळी वेळ सांगितली. एकीला म्हणाल्या, सगळ्या उशिरा येतील, तू लवकर ये, तुझ्याशी निवांत बोलायचं आहे. दुसरीला म्हणाल्या, लवकर गर्दी होईल, तू मागाहून ये, तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवतो. बायका तीन-चार घोळक्यांनी आल्या आणि गेल्या, कुणाला दाटी झाली नाही, आणि प्रत्येकीला वाटलं की काकूंचा जीव खरा आपल्यावरच. त्या संध्याकाळी घंगाळ घासताना आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. मी म्हटलं, काकू, तुम्ही मला तर असं काही सांगत नाही ना? त्या म्हणाल्या, "तुले कशाले सांगू पोरी? तू तर माझ्याच इकडची आहेस." मला फार बरं वाटलं होतं.

आता सुमनचं.

सुमन माझी धाकटी बहीण. बी.ए.च्या परीक्षेसाठी ती आमच्याकडे येऊन राहिली होती. वडील खाप्याला मास्तर, नोकरीची शेवटची वर्षं. निवृत्तीच्या आत सुमनचं व्हावं एवढंच त्यांच्या मनात होतं. दोन ठिकाणी तिला दाखवून झालं होतं. दोन्ही वेळा ती पोह्यांचा ट्रे घेऊन गेली, पाटावर बसली, नाव सांगितलं, सुईत दोरा ओवून दाखवला, आणि दोन्हीकडून नकार आला. दुसऱ्या नकारानंतर तिनं सांगितलं, आता मी पाटावर बसणार नाही. तिला एम.ए. करायचं होतं. वडील म्हणाले, लग्न ठरलं आणि त्यांनी शिकवलं तर शिक. तिच्या शिकण्याचं आणि नागपुरात राहण्याचं सगळं आता एका चांगल्या घरावर अडलं होतं.

ते घर काकूंनीच आणलं. रामदासपेठेतलं, आमच्यातलंच. मुलगा वीज खात्यात इंजिनियर, आई मालतीबाई, काकूंच्या माहेरकडून ओळखीच्या. मुलाला पदवीधर मुलगी हवी होती, लग्नानंतर शिकली तरी त्यांची हरकत नव्हती. हे ऐकून सुमन पहिल्यांदा त्या विषयावर नीट बसून बोलली. पण पाटावर बसणार नाही हे तिनं पुन्हा सांगितलं.

"दाखवायची काहून? दिसू देऊ," काकू म्हणाल्या.

त्यांची युक्ती साधी होती. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठरलेलंच होतं. मालतीबाई आणि त्यांची लेक त्याला येतील, इतर बायकांसारख्या. मी त्यांना ओळखतही नव्हते, त्यामुळे उगाच पुढेपुढे होणार नाही. मुलीकडून काही बोलणं नाही, पत्रिका नाही, नाव नाही. काकू त्यांना एवढंच सांगून ठेवतील की पन्हं घेऊन येईल ती मुलगी बघा. आवडली तर पुढचं बोलू, नाही तर हळदीकुंकू घेऊन घरी जा, कुणाचा अपमान नाही. पोह्यांचा ट्रे नाही, नकार नाही. मला ही कल्पना इतकी आवडली की मी वडिलांना त्या दिवशीच कळवलं.

काकूंकडे त्या वर्षी त्यांची भाची राहत होती. पुष्पा. नागपूरजवळच्या वाडीच्या पुढे त्यांच्या भावाचं गाव, भाऊ आदल्या वर्षी गेला, आई आधीच गेलेली. पुष्पा मॅट्रिक झालेली, सुमनहून मोठी, अबोल. कामाला वाघ, पण कुणी बघितलं की खाली बघायची. काकूंनी तिच्यासाठी बरीच स्थळं बघितली होती. बाप नाही म्हटलं की लोक पुढचं विचारायचेच थांबत.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळीच काकू आल्या आणि कामं वाटून दिली. पुष्पाकडे गौरीच्या आराशीच्या पायऱ्यांची फराताळं, चौरंग, मांडणी. मी हरभरे, काकड्या, ओटीचं. सुमननं आंब्याची डाळ वाटायची. या एका बाबतीत सुमनचा हात खरंच वेगळा होता. कैरी किती, मिरची किती, डाळ कुठे थांबवायची, पाट्यावर बसली की तिला विचारायला लागत नसे. दुपारी काकू मला हळूच म्हणाल्या की पुष्पाकडे चार बायकांत नेसण्यासारखं काही नाही. मी माझी मोतिया रंगाची साडी काढून दिली. निऱ्याही मीच घातल्या. ती आरशासमोर उभी राहिली, आणि मला आठवतं, काकू दारात येऊन थांबल्या आणि तशाच परत गेल्या.

भिंत निवली, पाणी मारून झालं, बायका येऊ लागल्या. ज्या घरी हळदीकुंकू त्या घरच्या बाईनं दारात उभं राहायचं, येईल तिला हळद-कुंकू लावायचं, अत्तर लावायचं, गुलाबपाणी शिंपडायचं. तिथून हलता येत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त बायका आल्या. काकू आतबाहेर करत होत्या. एकदा त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या की डाळ कमी पडून राहिली, सुमनला अजून थोडी वाटायला बसवलं आहे. मी म्हटलं, अहो, आणि पन्हं? त्या म्हणाल्या, "मालतीबाई आल्या कुठे अजून? आल्या की सुमनले काढतो. तोवर पुष्पा देईल."

मी मान डोलावली आणि पुढच्या बाईकडे वळले. मागे वळून बघितलं तेव्हा पुष्पा मोतिया साडीत, हातात पन्ह्याचे पेले, बायकांच्या रांगेतून सावकाश चालली होती. त्या दिवशी ती खाली बघत नव्हती.

दिवे लागले, बायका पांगल्या. सुमन पाट्यावरून उठून आली. जुन्या साडीवर हळदीचे आणि हिरव्या मिरचीचे डाग, केस कपाळाला चिकटलेले. तिची चांगली निळी साडी खोलीत घडी करून ठेवलेली होती, तशीच. काकू म्हणाल्या की मालतीबाईंकडे अचानक पाहुणे आले असतील, नाही जमलं त्यांना, बघू पुढे. सुमन पाय धुऊन आली आणि भांडी उचलायला लागली.

पुढे काही झालं नाही. मालतीबाईंचा विषय काढला की काकू म्हणत, अजून निरोप नाही. सुमनचा निकाल लागला, चांगला लागला, आणि वडील तिला खाप्याला घेऊन गेले. आणि मृगाच्या आधी काकू पेढे घेऊन आल्या. पुष्पाचं जमलं होतं. अचानक, म्हणाल्या. मुलगा इंजिनियर आहे. मला आनंद झाला, अगदी खरा. इंजिनियर काय एकच असतो नागपुरात? मालतीबाईंचं आडनाव काकूंनी मला कधी सांगितलंच नव्हतं. माझ्या मनात काही आलं नाही. लग्न त्यांच्या-आमच्या अंगणातच करायचं ठरलं आणि विहिणीच्या पंगतीची सगळी जबाबदारी मी आपणहून घेतली. इतकी वर्षं त्यांनी माझ्यासाठी केलं होतं.

विहिणीच्या पंगतीत मुलाच्या आईचा मान मोठा. तिच्या पाटाभोवती रांगोळी, तिला आधी वाढायचं, आग्रह तिला करायचा. मी जिलबीचं ताट घेऊन वाकले तेव्हा त्या बाईंनी माझा हात धरला आणि शेजारणीला सांगितलं, यांच्याच घरी आम्ही मुलगी बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही नाही का मला कुंकू लावलंत? तुम्हाला कुठे आठवणार, केवढी गर्दी होती. मुलाला तर पदवीधर हवी होती. पण ती आंब्याची डाळ खाल्ली आणि मी म्हटलं, शिक्षण राहू दे, अशी डाळ करणारी पोर मी सोडणार नाही. कुसुमताईंनी सांगितलं तेव्हा, सगळी तिनं एकटीनं वाटली म्हणून."

मी त्यांच्या पानात जिलबी वाढली. आणखी एक घ्या म्हटलं. पुढच्या पानाकडे गेले. पंगत संपेपर्यंत मी वाढत होते, विडे दिले, हातावर पाणी घातलं. मांडवाच्या त्या टोकाला काकू उभ्या होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं की मला कळलं. माझ्या सबंध हातात एकच गोष्ट भरून राहिली होती. त्या बाईच्या कपाळाला कुंकू मी या बोटानं लावलं होतं, आणि आत सुमन बसलेली होती.

पुष्पा सासरी गेली. दुसऱ्या दिवशी अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. नळावर मी काकूंना गाठलं. रडणं-ओरडणं माझ्या स्वभावात नाही. मी विचारलं, असं का केलंत?

त्यांनी बादली भरू दिली. मग म्हणाल्या, "तिले बाप नाही, लीले. सुमनले आहे."

मला सांगायचं होतं तुम्ही, मी म्हटलं. मला विचारायचं होतं.

"विचारलं असतं तर तू हो म्हटलं असतं काय?"

मी वाहता नळ बंद केला.

"म्हणून नाही विचारलं."

मी विचारलं, हे पहिल्यापासून ठरवलं होतं का. त्या म्हणाल्या, नाही, स्थळ सुमनसाठीच बघितलं होतं, देवाशपथ. पण तुझी साडी नेसून पोर उभी राहिली आणि मला माझा भाऊच दिसला. तेवढं सांगून त्यांनी बादली उचलली आणि चालू लागल्या.

ते खरं होतं का, याचा मी कितीतरी वर्षं विचार केला. एखाद्या दिवशी वाटतं खरं असेल. मग आठवतं की त्या प्रत्येकीला वेगळी वेळ सांगत आणि प्रत्येकीला ती खरी वाटत असे. मालतीबाई माझ्या हातचं कुंकू लावून अंगणात बसलेल्या असताना, आल्या कुठे अजून, असं मला विचारणारी बाई ती. एका साडीनं झालेला मोह असता तर डाळ कुणी वाटली हे सांगताना तरी तिची जीभ अडखळली असती. सुमनची पदवी उपयोगी पडली नाही आणि सुमनची डाळ पुष्पाला उपयोगी पडली. एवढं नेटकं नियोजन मला आयुष्यात जमलं नाही.

खाप्याला जाऊन मी सुमनला सगळं सांगितलं. सांगू नये असं यांचं म्हणणं होतं, पण तिला वाटत होतं की त्या लोकांना ती न बघताच नकोशी झाली. ते तरी तिच्या डोक्यातून जायला हवं होतं. तिनं ऐकून घेतलं. मग तिनं एकच विचारलं, "काकूंना माझी डाळ खरंच आवडायची का गं? की मला आत बसवायला म्हणायच्या?"



वडिलांच्या निवृत्तीच्या वर्षी सुमनचं लग्न झालं, तुमसरच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे. माणूस वाईट नाही. घर मोठं, माणसं पुष्कळ, सकाळपासून चूल पेटलेली. एम.ए.चं नाव पुन्हा निघालं नाही. ती तक्रार करत नाही, आणि केली असती तर मला बरं वाटलं असतं.

इकडे आम्ही आणि काकू समोरासमोर राहत होतो, मध्ये तेच अंगण. मी बोलणं बंद केलं. त्यांनी केलं नाही. भिंतीला हात लावून त्या मोठ्यानं म्हणायच्या, आता मारा कोणी पाणी मारायचं असेल तर. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आणि मग बादली उचलायचे, कारण वेळ तीच बरोबर असायची. हे मला सगळ्यात जास्त लागत असे. त्यांच्यावरचा विश्वास गेला, पण त्यांच्याकडून घेतलेलं काही टाकता येईना. माझ्याकडे आलेली प्रत्येक बाई गार पन्हं पिऊन माझी स्तुती करायची आणि मी समोरच्या छपरीकडे पाठ करून ती ऐकायचे.

मग काका गेले. आणि ज्या बाईनं सगळ्या गल्लीला हळदीकुंकू कसं करावं हे शिकवलं तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. कुणी ठरवून केलं नाही. आमच्यात ती रीतच होती. तिच्याकडून ताट्या, घंगाळं, चौरंग मागून नेत, आणि संध्याकाळी तिच्या दारावरून पुढच्या घरी जात. ज्या घरची बाई येऊ शकत नाही त्या घरी झाकून डाळ-पन्हं पोचतं करतात, तेवढंही बऱ्याच जणी विसरत. पुष्पाच्या नवऱ्याची बदली लांब झालेली, ती वर्षाकाठी एकदा यायची. अंगण भरलं की काकू छपरीत भिंतीला टेकून बसायच्या. मला त्यांची दया आली का असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की माझ्याकडूनही त्यांच्याकडे काही पोचत नव्हतं.

काकूंना मी शेवटचं बघितलं ते अशाच एका चैत्रात. त्याच उन्हाळ्यात पुढे पुष्पा त्यांना आपल्याकडे घेऊन गेली आणि तिकडेच त्या गेल्या.

त्या वर्षी सुमन आली होती, लेकीच्या सुटीत. डाळ तिनंच वाटली. बायका यायच्या आधी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला विचारलं, समोर कोण नेऊन देतं? मी म्हटलं, कुणी नाही. तिनं एका डब्यात डाळ भरली, लहान गडव्यात पन्हं घेतलं, वर झाकण घातलं, केस सारखे केले आणि निघाली. मी तिला थांबवलं नाही. पहिल्या बायका फाटकात आल्या होत्या, मला दारातून हलता येत नव्हतं.

काकू छपरीत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, खांदे उतरलेले, पण हाडं तीच. सुमन अंगण ओलांडून येते आहे हे बघून त्या उठल्या, भिंतीचा आधार घेत, आणि लगबगीनं आत गेल्या. मला वाटलं, तोंड लपवलं. पण त्या बाहेर आल्या त्या पाण्याचा पेला घेऊन. उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी पाणी देतात, आणि कितीही भांडण असलं तरी ते पाणी कुणी नाकारत नाही.

सुमननं डबा आणि गडवा ओट्यावर ठेवला. काकूंनी पेला पुढे केला. ओठ हलले, काहीतरी म्हणाल्या, ते इथवर आलं नाही. सुमननं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग नमस्कारही न करता वळली आणि त्याच पावली परत आली. माझ्याजवळून आत जाताना म्हणाली, "द्यायला गेले होते, ताई."

माझ्यासमोर कुणीतरी कपाळ पुढे करून उभं होतं. मी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. त्या बाईच्या खांद्यावरून मला समोरची छपरी दिसत होती. काकू अजून तशाच उभ्या होत्या, हात पुढे, हातात भरलेला पेला, आणि अंगणात आता आमच्याकडे येणाऱ्या बायकांची गर्दी होत चालली होती.